जोडी नंबर सात

नाही हो, समुद्राबद्दल माझी तक्रारच नाही! समुद्र बिचारा आपल्या जागेवर आहे, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. माझी तक्रार आहे ती, त्या समुद्रात मला नेलं कुणाबरोबर याची! व्याह्यांबरोबर! सकाळी पावणेसहा ते संध्याकाळी सहा! मधे सुटका नाही, उतरायची सोय नाही, बाजूला सरकायचीसुद्धा चोरी... तुम्हाला सांगतो, मी छत्तीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक होतो. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली हजारभर माणसं बाहेर काढली असतील मी. त्यांत एक नवरदेव होता, एक दातांचा डॉक्टर होता आणि त्याच्याबरोबर त्याचाच पेशंट होता, तोंडात कापूस घेऊन! सगळ्यांना काढलं. पण त्या दिवशी मी अडकलो, तर मला काढणार कोण? लिफ्टला निदान घंटी असते हो! दाबली की खाली वॉचमन तरी दचकतो. बोटीत काय दाबणार?

आता तुम्ही म्हणाल, गेलात कशाला? मी गेलो? मला धाडलं! जावयानं चार तिकिटं आणून हातात ठेवली. 'किनारा दर्शन, एक दिवसाची सहल. पक्षी, डॉल्फिन, कडे, गुहा, सोबत अनुभवी गाईड.' आम्ही दोघं आणि त्याचे आईवडील. मी म्हटलं, काय गुणी जावई! आणि आदल्या दिवशी दुपारी मुलीचा फोन.

"बाबा, आम्ही भाड्यानं फ्लॅट घेतलाय. आम्ही दोघं वेगळे राहणार. सोमवारी सकाळी आठला टेम्पो येतोय. उद्या तुम्ही चौघं सहलीला गेलात की आम्ही सामान खोक्यांत भरतो."

"बरं. पप्पांना, तुझ्या सासऱ्यांना, माहीत आहे?"

"नाही ना! ते तुम्ही सांगा. संध्याकाळी ते घरी येऊन खोकी बघायच्या आत."

"मी? आणि त्यांचा मुलगा काय करतोय?"

"तो घाबरतो."

"मग मी काय करतो?"

"तुम्हाला सवय आहे हो बाबा. लिफ्टच्या बंद दारातून तुम्ही माणसांशी किती शांतपणे बोलायचात!"

"बंद दारातून, बाळा! मधे दार असतं म्हणून!"

त्यावर ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, मला एकदा तरी कुणी बघत नसताना दूध ओतायचंय." आता सांगा, यावर बाप नाही कसा म्हणणार? म्हटलं, सांगतो.

कारण आमचे व्याही... कसं सांगू तुम्हाला... वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक! दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, मापं तपासायची, खोटं निघालं की जप्त. नोकरी संपली, पण तपासणी चालूच! सुनेनं चहात साखर घातली की विचारणार, "चमचा सपाट की शिगेचा?" दूध उतू गेलं तर ती पुसायला लागायच्या आत विचारणार, "अंदाजे किती मिलिलिटर?" टूथपेस्टच्या ट्यूबवर पेनानं रेघा, शेजारी तारखा! माणूस वाईट नाही हो! मागे मुलीला ताप होता तर सहा दिवस दर दोन तासांनी उठून थर्मामीटर लावत होते, तक्ता केला, आलेख काढला, डॉक्टर बघत राहिला. पण ताप उतरला तरी तक्ता चालूच राहिला ना! त्याचं काय?

तर बसमध्ये बायका मागच्या सीटवर, आम्ही दोघं पुढे. खिडक्या कायमच्या बंद, वर गार वारं थेट टकलावर, आणि गाईडताई, चोवीस-पंचवीसची पोरगी, माइक तोंडाला लावून, "गूऽऽड मॉर्निंग मंडळी! आज आपण निसर्गाशी मैत्री करणार!" म्हटलं, करतो बाई, निसर्गाशी माझं भांडण नाहीच, शेजारच्या सीटचं काय ते बोल! दहा मिनिटांनी मी घसा खाकरला.

"व्याही, एक विषय होता."

"थांबा. पाय लांब करा. होतात?"

"नाही."

"होणारच नाहीत! यांच्या पत्रकात दोन सीटमधलं अंतर बाहत्तर सेंटिमीटर लिहिलंय. हे अडुसष्ट आहे." टेप खिशात! माणूस सहलीला टोपी घेतो, काळा चष्मा घेतो, हे टेप घेऊन आलेले! मग ते ड्रायव्हरच्या सीटपर्यंत मोजत गेले, ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघतोय, मी खिडकीबाहेर बघतोय, आणि खिशात फोन टिंग! मुलीचा मेसेज. 'सांगितलं का?' मी लिहिलं, 'आत्ताच बसलोय.' अर्ध्या तासानं पुन्हा टिंग! 'आता?' लिफ्टला घंटी असते, पण ती आतल्या माणसानं वाजवायची असते हो! बाहेरून कुणी वाजवत बसत नाही!

पहिला थांबा, उंच कडा. खाली फेसाळ पाणी, वर असला वारा की माझा विषय माझ्याच तोंडात परत येत होता. गाईडताई म्हणाली, "तो समोरचा खडक बघा, अगदी झोपलेला हत्ती!" सगळे आऽऽ, हो हो, हत्ती! व्याही म्हणाले, "सोंड कुठाय?" ताई म्हणाली, "काका, कल्पना करायची." "कल्पनाच करायची तर घरी बसून केली असती." ती पोरगी एवढीशी झाली. मी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं, म्हटलं, मोकळी हवा आहे, मोठा देखावा आहे, माणसाचं मन मोठं होतं अशा ठिकाणी, घालू विषय.

"व्याही, तुमचा मुलगा आता मोठा झाला, नाही का?"

"एकशे एकाहत्तर सेंटिमीटर. कॉलेजपासून तेवढाच आहे. का?"

का म्हणे! मागे वळून बघतो तर आमची ही लांबून हातवारे करतेय. सांगितलं का? मी मान हलवली, नाही. तिनं कपाळावर हात मारला. म्हटलं, तू ये ना मग! तू सांग! पण ती विहीणबाईंचा फोटो काढण्यात एकदम गुंतली.

आणि मग धक्क्यावर खरी गंमत. बोट लहान, सोळा माणसांची. बोटवाला म्हणजे आडवा माणूस, बोलणं कमी. त्याची पद्धत अशी की बोटीच्या दोन्ही कडांना लांब बाक, आणि समोरासमोर सारख्या वजनाची माणसं. सगळ्यांना काट्यावर उभं करायचं, वजन बघायचं, जोड्या लावायच्या. एक बाहेर वाकला की त्याच्या जोडीदारानं उलट्या बाजूला वाकायचं, म्हणजे बोट सरळ. "जोडी सोडायची नाय," तो म्हणाला, "नवराबायको घरी गेल्यावर." आता वजनकाटा आणि व्याही! समोरासमोर! मी डोळेच मिटले.

"या काट्यावर पडताळणीचा शिक्का कुठाय?"

"काका, माणसं मोजायचीत. सोनं नाय."

"माणूस सोन्याहून स्वस्त आहे का?" मग त्यांनी शेजारच्या टपरीवरून पाण्याच्या लिटरच्या दहा सीलबंद बाटल्या आणवल्या, काट्यावर मांडल्या, चष्मा कपाळावर, गुडघे टेकून, नाक काट्याला... पंचवीस मिनिटं! भरती कुणासाठी थांबते का? यांच्यासाठी थांबली असेल. शेवटी उठले आणि जाहीर केलं, "हा काटा प्रत्येकाचं वजन दीड किलो जास्त दाखवतोय." रांगेतल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या! एकीनं तर हात मिळवला. आणि या माणसाचा चेहरा... निवृत्तीच्या समारंभातसुद्धा एवढा फुलला नव्हता.

आमची ही आणि विहीणबाई बरोब्बर सारख्या भरल्या, जोडी नंबर चार. तेव्हापासून दोघी एकमेकींशी जरा तुटक बोलत होत्या, कारण दोघींनाही आपण बारीक वाटतो. आणि मी अठ्ठ्याहत्तर किलो. व्याही? अठ्ठ्याहत्तर किलो! आयुष्यात इतका भात सोडला, सकाळी इतका चाललो, दोन किलो जरी कमी झाले असते तर समोर रांगेतला एक छापखानेवाला आला असता, बिचारा गप्प बसणारा गृहस्थ. पण नाही! जोडी नंबर सात, अंगात फुगीर जॅकेट, गुडघ्याला गुडघा लावून, समोर व्याही. लिफ्टला घंटी असते, झालंच तर छताला झडप असते. इथे छताला आभाळ, आणि ते बंदच नव्हतं तर उघडणार काय?

बोट निघाली आणि माझ्या पोटानं हात टेकले. मी माझ्या कडेवरून समुद्रात वाकलो, की नियमाप्रमाणे व्याह्यांनी त्यांच्या कडेवरून वाकायचं. ओकत होतो मी एकटाच, पण लांबून बघणाऱ्याला दोघं ओकताना दिसत असणार! चौथ्या वेळेला मी तोंड पुसत सरळ झालो तर हे घड्याळ बघतायत. "दर अकरा मिनिटांनी होतंय," म्हणाले, "सातत्य आहे." आणि खिशातून आल्याची वडी काढून दिली. एक वडी. अर्धी मोडून, अर्धी परत ठेवली.

एक बरं झालं, फोनची रेंज गेली. पण घड्याळ पुढेच जात होतं ना! अडीच वाजले. तिकडे पोरं खोकी भरतायत, सहाला हा माणूस दार उघडणार, आणि ज्या घरात चमचाचमचा माहीत आहे त्या घरातलं निम्मं घर खोक्यांत! कुणी आधी सांगितलं नाही म्हणून जो स्फोट होईल, तो माझ्या लेकीवर! आयुष्यभर सासऱ्याच्या मनात राहायचं की ही चोरासारखी गेली. नाही, म्हटलं. आता सांगायचं म्हणजे सांगायचं.

पक्ष्यांचं बेट आलं. सगळा खडक पांढरा, त्यावर पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले. आता तिथला नियम असा की बोटीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पक्षी उठतात. म्हणून प्रत्येकाला कानात घालायची एक बोंडी दिलेली. गाईडताई कॉलरला लावलेल्या चिमुकल्या माइकमध्ये कुजबुजणार, ते सोळा जणांच्या कानात. छान सोय! इंजिन बंद, सगळं शांत, कानात तिचा आवाज, "उजवीकडे बघा, पिलाला भरवतेय..." आणि तेवढ्यात माझं बघून बघून शेजारच्या एका टोपीवाल्या बाईंना उलट्या सुरू झाल्या! ताई धावली. वाकताना माइक मधे येतो म्हणून काढला आणि माझ्या हातात दिला. "काका, एवढं धरा हं."

मी बघितलं, माइकवर बारीक लाल दिवा. आता माझी छत्तीस वर्षं आडवी आली, दुसरं काही नाही! आमच्या लिफ्टच्या पॅनेलवर हिरवा दिवा म्हणजे चालू, लाल दिवा म्हणजे बंद. रक्तात भिनलंय ते! लाल बघितला, म्हटलं बंद आहे, आणि मुठीत धरला. तोंडाजवळ! व्याह्यांनी कानातली बोंडी काढून तिच्यावरचं लेबल वाचायला घेतलं होतं, माझी मळमळीत केव्हाच पडली होती. म्हणजे अख्ख्या बोटीत न ऐकणारे दोघंच. जोडी नंबर सात!

मी पुढे वाकलो. कुजबुजत म्हटलं, "व्याही, शांतपणे ऐका. पोरं वेगळी राहायला चाललीत. उद्या टेम्पो येतोय. आज आपल्याला सहलीला पाठवलंय ते सामान भरायला."

ते काही बोलेनात. आता लिफ्टमध्ये अडकलेला माणूस गप्प झाला की आपण बोलत राहायचं, हा आमचा धडा. म्हणून मी बोलत राहिलो! "तुमच्यावर राग नाही त्यांचा. पण तुम्ही मोजता हो! साखर मोजता, दूध मोजता, पोरगी आंघोळीला किती बादल्या घेते ते मोजता! नव्या लग्नाची माणसं, त्यांना मोजत नसतात! माझी पोरगी चहा करताना तुमच्याकडे पाठ करून उभी राहते, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि एकटी तीच नाही. विहीणबाईंनी परवा आमच्या हिला विचारलं, फ्लॅटमध्ये तिसरी खोली आहे का म्हणून!"

हे शेवटचं सांगायला नको होतं. कबूल! पण एकदा दार उघडायला लागलं की अर्ध्यात थांबत नाही.

मग मला जाणवलं, फारच शांत आहे. वर बघतो तर अख्खी बोट आमच्याकडे तोंड करून बसलेली! चौदा चेहरे! पक्षी सोडले, समुद्र सोडला, सगळे जोडी नंबर सातकडे! छापखानेवाला दोन्ही तळवे खाली करून मला खूण करतोय, हळू घ्या, हळू. एक आजीबाई डोळे पुसतायत. आमच्या हिनं तोंडात पदर कोंबलेला, विहीणबाई लालबुंद, आणि गाईडताई एका हातानं टोपीवाल्या बाईंना धरून दुसऱ्या हातानं जोरजोरात पाण्याकडे दाखवतेय, तोंड उघडतंय, मिटतंय, आवाज नाही. येईल कुठून? तिचा आवाज माझ्या मुठीत! आणि सगळ्यांच्या पाठीमागे... तुम्हाला सांगतो... तीन डॉल्फिन! एकदम! पाण्याबाहेर, चकचकीत, उडी मारली, वळले, पुन्हा उडी, आणि गेले. बघितलं कुणी? गाईडताईनं आणि मी. बाकी सगळे आमचं बघत होते! एवढं भाडं भरून माणसं समुद्रात आली कशाला, तर दोन व्याह्यांचं घरगुती ऐकायला!

मी माइक खाली ठेवला. म्हटलं, आता हा माणूस उठणार, ओरडणार, बोट उलटणार. लिफ्टला घंटी असते हो, एवढंच माझ्या डोक्यात!

पण व्याही बसून होते. हातातली बोंडी फिरवत होते. म्हणाले, "टेम्पो केवढा आहे?"

"आं?"

"लहान टेम्पोत त्याचं कपाट बसणार नाही. सहा फूट दोन इंच आहे. लग्नाच्या आधी मीच मापं देऊन करून घेतलं होतं. आडवं घातलं तर दार निसटेल."

आणि बोलता बोलता हातांनी हवेत त्या कपाटाची उंची धरून दाखवली. मला इतकं वाईट वाटलं... नाही, चेष्टा नाही, खरंच वाईट वाटलं. माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "बत्तीस वर्षं दुकानदार मला बघितलं की तराजू लपवायचे. मी घरी यायचो, म्हणायचो, इथे कुणी लपवत नाही. आता सूनसुद्धा पाठ करते?" मग माझ्याकडे बघून, "मला सांगायचं होतं ना तिनं. मी बंद केलं असतं." आणि मग त्यांनीच मान हलवली. "नसतं झालं बंद," म्हणाले, "खरं आहे."

तेवढ्यात विहीणबाईंना राहवेना. त्या उठून तरातरा नवऱ्याकडे निघाल्या! त्या निघाल्या म्हणून जोडी सोडायची नाही या नियमानं आमची ही उलट्या बाजूला पळाली, बोट एकीकडे, बोटवाला ओरडतोय, "बसाऽऽ! बसाऽऽ!", पाणकावळे फडाफडा उठले, सगळा खडक रिकामा! विहीणबाई ऐकतायत कुठे? जाऊन नवऱ्याच्या शेजारी टेकल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी कुठे जात नाही. मी आपलं विचारून ठेवलं होतं."

धक्क्याला लागताना रेंज आली आणि माझा फोन टिंग टिंग टिंग टिंग! अकरा मेसेज. मी उघडायच्या आत व्याह्यांनी स्वतःचा फोन काढला, मुलाला लावला. "उद्याचा टेम्पो रद्द कर. मोठा सांग. कपाट उभंच न्यायचं. आणि हे बघ, तिला फोन दे." मी फोनजवळ सरकलो. "बाळ, काचेची भांडी कागदात गुंडाळलीस का? ... किती कागद घेतलेस?... नाही नाही, राहू दे. हवे तेवढे घे." हवे तेवढे घे! हे शब्द त्या तोंडातून! शेजारी छापखानेवाला उभा होता, तो सगळ्यांना खुणेनं सांगायला लागला, झालं झालं, आणि अख्ख्या जमावानं धक्क्यावर टाळ्या वाजवल्या. गाईडताई तेवढी वाजवत नव्हती. ती बोटवाल्याला सांगत होती, "तीन होते हो दादा, तीन!"

परतीच्या बसमध्ये व्याही माझ्या शेजारी. तासभर अडुसष्ट सेंटिमीटरवर पण बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "व्याही, उद्यापासून घरात आम्ही दोघंच. ती म्हणते, मला मोजलंत तर बघा. मग दिवसभर मी करू काय?"

आणि मी... काय सांगू तुम्हाला माझ्या जिभेला... मी म्हटलं, "असं काय बोलता? आम्ही आहोत की!" सहज! माणुसकी म्हणून! तोंडदेखलं नव्हतं, पण आमंत्रणही नव्हतं हो! ते एकदम सावरून बसले. चेहरा उजळला. खिशातून वही काढली, पेन काढलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे दुपारचा चहा किती वाजता असतो?"

घरी पोचून तासभर झाला तोच मुलीचा फोन. रडत होती, हसत होती. "बाबा, तुम्ही काय जादू केलीत? पप्पा स्वतः दोऱ्या बांधतायत! मला म्हणाले, सुखी राहा! बाबा, तुम्हाला काय हवं ते मागा."

"मला काही नको. तू सुटलीस ना?"

"सुटले! पण पप्पांचं कसं होणार हो बाबा? ते एकटे पडतील."

"नाही पडणार," मी म्हटलं. "ते रोज तीन वाजता आमच्याकडे येणार आहेत."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी आम्ही दोघं डॉल्फिन बघायला जाणार आहोत. त्यांचे बघायचे राहिलेत."